मोज्यांना चिकटलेलं रान

अगं ए, ऐकतेस का? हातातलं विणकाम बाजूला ठेव आणि चष्मा लाव. वाचनालयाच्या वार्षिकात तुझ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "तुम्ही त्यांच्या जाऊबाई, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" असं म्हणून ग्रंथपाल मोकळा झाला. मी म्हटलं, ओळखते म्हणूनच पंचाईत आहे. खरं लिहिलं तर ती फोनवरून मला सोलून काढेल, आणि खोटं लिहायला माझ्याकडे वेळ नाही. तेव्हा खरंच लिहिते. तू तिकडे लेकीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, गुडघे धरून बसली आहेस. इतक्या लांबून माझं काय वाकडं करणार?

कष्टाळू, प्रेमळ, हसतमुख वगैरे शब्द मी वापरणार नाही. कष्टाळू होतीस, ते सगळ्या गल्लीला दिसत होतं. हसतमुख तू सकाळी चहा होईपर्यंत कधीच नव्हतीस. लोकांना तुझी मोज्यांची गोष्ट हवी आहे, ती सांगते. आता तुझ्याकडे पाठ करून वाचणाऱ्यांकडे वळते. मध्ये तोंड घालू नकोस.

तर, ही माझी धाकटी जाऊ. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत आमच्या धाकट्या दिरांची लाँड्री होती, ती खरं म्हणजे हिची. दीर मशीन दुरुस्त करायचे, बाकी सगळं ही. पुढच्या खोलीत काउंटर, त्यामागे दांडीवर लटकलेले कोट आणि त्यांच्या गळ्यात नंबरांच्या चिठ्ठ्या. मागच्या खोलीत मोठी मशीनं, इस्त्रीचं लांब टेबल, भिंतींना कायमचा दमट वास. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवायची हिला इतकी सवय झालेली, की गुपितसुद्धा ती गल्लीला ऐकू जाईल अशाच आवाजात सांगायची. बुटकी, दंड पैलवानासारखे, बोटांची टोकं पाण्याने कायम सुरकुतलेली. मुलं तिला फेसआजी म्हणायची.

काउंटरच्या बाजूला खिळ्यांची एक फळी होती. गिऱ्हाइकाच्या खिशात, अस्तरात, घडीत जे काही सापडेल, ते एका छोट्या कागदी पाकिटात घालून, वर नाव लिहून ती त्या खिळ्यांना अडकवायची. बटण, किल्ली, नाण्यापासून दाताच्या कवळीपर्यंत. "लाँड्रीत सापडलेलं लाँड्रीचं नसतं," हा तिचा कायदा. गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की आधी पाकीट हातात, मग कपडे. एका गृहस्थांना तिने तुटका टूथपिक परत केला होता. ते म्हणाले, "अहो, कचरा आहे तो." ही म्हणाली, "तुमचा कचरा आहे ना? मग तुम्ही टाका."

फक्त एक गोष्ट ती परत करत नसे, ती म्हणजे कुसळं. कुसळांशी तिचं जन्माचं वैर. पँटच्या पायाला, लोकरी मोज्यांना, मफलरच्या झालरीला चिकटून येणारी ती काटेरी, आकडेदार, चिवट रानबियांची जमात ती चिमट्याने एकेक ओढून काढायची आणि प्रत्येकीला स्वतंत्र शिवी द्यायची. फुटबॉलच्या पोरांचे कपडे दर आठवड्याला धुवायला यायचे. त्या दिवशी तर मी तिकडे फिरकतच नसे.

आता ह्या बाईला मुलांचा विज्ञानाचा तास हवा होता, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसले होते.

त्याचं असं झालं. वाचनालयात मुलांच्या खोलीत शनिवारी दुपारी विज्ञानाचा तास असायचा. तो घेणारे मास्तर गाव सोडून गेले आणि जागा रिकामी पडली. ग्रंथपालाने फळ्यावर चिठ्ठी लावली, कोणी हा तास घेईल का? आणि त्या चिठ्ठीखाली बुद्धिबळ मंडळाचे म्हातारे पट काखेत मारून उभे. मुलांचा तास बंद पडला तर शनिवारी ती खोली त्यांना हवी होती. त्यात वाचनालयाचे अध्यक्ष स्वतःच बुद्धिबळवाले.

फेसआजी वाचनालयाचे धुतलेले टॉवेल परत करायला गेली होती. चिठ्ठी वाचली, टॉवेल तिथेच खुर्चीवर टाकले आणि ग्रंथपालाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मी घेते."

"काय घेता?" ग्रंथपालाला वाटलं, पुस्तक.

"तास. विज्ञान."

ग्रंथपाल सभ्य तरुण. कागदाची कड कागदाला जुळल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. तो म्हणाला, "आजी, तुमचं शिक्षण..."

"शाळेपुरतं. मास्तरीणबाई आल्या नाहीत की वर्ग माझ्या ताब्यात असायचा. विचार कोणालाही."

विचारायला त्या वर्गातलं कोणी जवळपास उरलं नव्हतं, म्हणून त्याने मला विचारलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर, वाचनालयाची जुनी सभासद. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हिने माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "द्या एक संधी."

बाहेर आल्यावर मी चांगली तासली तिला. "काय शिकवणार आहेस? साबणाची पावडर?" ती जोरात बोलली नाही. तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "जाऊबाई, आयुष्यभर माझ्यापुढे रांगेत उभे राहिले ते फक्त कपडे. ते काही विचारत नाहीत हो."



अट ठरली ती अशी. पंधरवड्याने पालकांसाठी मुलांचं प्रदर्शन होतं. त्यात तिने मुलांकडून एक प्रयोग करून दाखवायचा. अध्यक्षांना पटला तर शनिवारचा तास तिचा. नाही पटला तर खोली बुद्धिबळाला.

विषय तिनेच निवडला. झाडं बिया कशा पसरवतात. "शत्रूची मला जेवढी ओळख आहे तेवढी कोणाला असणार?" म्हणाली. मी पुस्तकं चाळून चार रस्ते सांगितले. वारा नेतो, पाणी नेतं, प्राणी नेतात, आणि काही शेंगा स्वतःच तडकून बिया उडवतात. ती म्हणाली, "चारही करू." मी म्हटलं, एक धड कर. अर्थातच तिने ऐकलं नाही.

पहिल्या शनिवारी वाचनालयात नुसता दंगा. जिन्यावरून कागदाच्या पंखवाल्या बिया सोडल्या. त्या भिरभिरत खाली यायच्या आणि मुलं जिना चढून पुन्हा वर. कपडे वाळवायचा पंखा तिने उचलून आणला होता. त्याच्यापुढे म्हातारी सोडली, तीच ती रेशमी केसांची उडती बी. ती छताला लागली, तशी पोरं ओरडली, "म्हातारी पळाली! म्हातारी पळाली!" दारातून डोकावणारा एक बुद्धिबळवाला म्हणाला, "इथे तर दोन बसल्यात." फेसआजी पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवून म्हणाली, "बघू, तुम्ही किती लांब उडता!" त्याचा पट उघडला आणि प्यादी जिनाभर झाली.

त्या मुलांत एक मुलगी होती, दोन वेण्यांची. तिला आम्ही प्रश्नपत्रिका म्हणायचो, कारण तिच्या तोंडातून पूर्णविराम कधी बाहेर पडलाच नाही. "पंख एकच असला तर? पंख ओला झाला तर? बी झोपलेली असते का? तिला कसं कळतं, की आता उठायचं?" फेसआजी प्रत्येक प्रश्नाला "वा!" म्हणायची आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायची.

मग मुख्य काम, मोजे. प्रत्येकाने घरून जुना, मोठ्या माणसाचा लोकरी मोजा आणला होता. तो बुटावरून चढवायचा आणि लाँड्रीमागच्या मोकळ्या जागेत कमरेएवढ्या गवतातून फिरायचं. म्हणजे आपण झालो प्राणी. मग मोज्याला जे रान चिकटेल ते मोज्यासकट मातीत ठेवायचं, पाणी घालायचं, आणि प्रदर्शनात दाखवायचं की हे बघा, माझ्या पायाने एवढी झाडं चालत आली.

काय फिरली पोरं! कोणी घोडा झालं, कोणी रानडुक्कर. एकजण चारी पायांवर चालायचं म्हणून हातातही मोजे घालून आला होता. बाहेर आले तेव्हा मोजे ओळखू येईनात, साळिंदरासारखे दिसत होते. फेसआजी प्रत्येकाचा पाय हातात धरून बघायची. "अरे बापरे, हा तर जंगल घेऊन आलाय! ही बघा, हिला आकडा आहे. जाऊबाई, भिंग द्या, भिंग!" जन्मभर ज्याला शिव्या दिल्या त्या कुसळाला ती भिंगातून बघत होती आणि म्हणत होती, "काय गं ही कारागिरी!"

ती जागा ज्याची, त्याने आमच्याचसाठी गवत कापायचं थांबवलं होतं. आम्ही बाहेर पडलो आणि कापणारा आत शिरला. संध्याकाळपर्यंत तिथे कातरलेलं डोकं दिसावं तसं मैदान झालं. आमच्याकडे उरलं ते मोज्यांवरचं रान.

मातीचे ट्रे दुसऱ्या दिवशी यायचे होते. ग्रंथपालाने घाणेरडे मोजे वाचनालयात ठेवू दिले नाहीत. फेसआजी म्हणाली, "द्या, माझ्याकडे ठेवते." मोजे टोपलीत गेले, टोपली लाँड्रीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराने गेले. दोरीवर मोजे वाळत होते. पांढरे, निळे, चट्ट्यापट्ट्यांचे, चिमट्याला चिमटा लावून, ओळीने. लखलखीत. एकावरही कुसळ नाही. आणि जे वाळले होते, त्यांना इस्त्री करून टेबलावर त्यांची चळत लावली होती. मोज्यांना इस्त्री!

ती टेबलाशी उभी होती. हातात इस्त्री तशीच उचललेली, खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "मी आले, दिवा लावला, टोपलीत मळके मोजे दिसले. पुढचं मला काहीसुद्धा आठवत नाही. हात गेले हो मशीनकडे. शेवटच्या मोज्याला इस्त्री करताना लक्षात आलं."

"गरम पाणी?"

"मग काय थंड? लोकांचे पाय होते त्यात!"

दीर कोपऱ्यात पाना घेऊन उभे होते. ते सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "वहिनी, मी विचारलं होतं हिला, एवढ्या पहाटे कोणाचे मोजे म्हणून. तर म्हणाली, मध्ये बोलू नका."

मी रागावणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं. ती खाली स्टुलावर बसली. "गेला माझा तास," म्हणाली. एवढंच. मशीन बंद, इस्त्री थंड होत चाललेली, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच कोणी ओरडत नव्हतं.

तेवढ्यात ट्रे घेऊन पोरं आली. सगळ्यांत पुढे प्रश्नपत्रिका. दोरीवरचे मोजे बघून बाकीच्यांचे चेहरे पडले. एकाने तर भोकाडच पसरलं, तोच तो हातात मोजे घालून आलेला. प्रश्नपत्रिका मात्र मशीनच्या काचेला नाक लावून आत बघत होती.

"आजी, मग बिया गेल्या कुठे?"

"गेल्या गं बाळा. धुतल्या मी."

"हो, पण धुतल्या म्हणजे गेल्या कुठे?"

फेसआजीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग आम्ही दोघींनी एकदमच दिरांकडे बघितलं, आणि दीर मशीनच्या पोटाशी उकिडवे बसून जाळीचं झाकण फिरवायला लागले.

जाळी म्हणजे धुण्यातले धागे, लोकर अडवणारी गाळणी. ती त्यांनी बाहेर ओढली तर तिच्यावर ओल्या लोकरीचा एक मळकट, राखाडी गोळा. फेसआजीने तो चिमट्याने पसरवला. आत कुसळं! आकडे, काटे, दाणे, सगळं गुंतून बसलेलं. पोरं अशी तुटून पडली की मला टेबलावर हात आपटावा लागला.

"शिजल्या असतील त्या," मी म्हटलं. गरम पाण्यातून गेलेली बी उगवेल अशी मला काही खात्री नव्हती, आणि खोटी आशा लावायचा माझा स्वभाव नाही.

"सगळ्या?" प्रश्नपत्रिका.

"सगळ्या नसतील. काहींची साल टणक असते."

"किती टणक?"

"पेरून बघ!" मी खेकसले. आणि बघा, तोच प्रयोग झाला. मोज्यांऐवजी लोकरीचा तो गोळा वाटून प्रत्येकाने आपापल्या ट्रेत पसरला.

पण पोरगी तिथे थांबते थोडीच? "जाळीला भोकं आहेत. बारक्या बिया त्यातून गेल्या असतील. त्या कुठे?"

"मागच्या नालीत," दीर म्हणाले. त्या दिवशी ते दिवसभरात जेवढं बोलले, तेवढं त्यांच्या लग्नातही बोलले नव्हते.

सगळी वरात मागच्या दाराने बाहेर. मशीनचं पाणी भिंतीतल्या पाइपातून उघड्या सिमेंटच्या नालीत पडायचं, भिंतीच्या कडेने जायचं, कोपऱ्यावर वळायचं आणि पुढे लोखंडी जाळीतून खालच्या गटारात. त्या वळणावर गाळ साचून हिरवा पट्टा झाला होता. गवत, पालेदार तण, मधेच पिवळं फूल. फेसआजी दर आठवड्याला तिथे खुरपं घेऊन बसायची आणि "ही मेली येतात कुठून!" म्हणत उपटायची. कधी उकळतं पाणी ओतायची.

ती वळणाशी उभी राहिली. एकदा तणाकडे बघितलं, एकदा पाइपाकडे. मग तिने कपाळावर असा हात मारला, की दोन पोरं दचकली.

"जाऊबाई! मीच पेरतेय की हो! इतकी वर्षं मीच पेरतेय आणि मीच उपटतेय!"

मला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून हसत सुटली, पोट धरून, डोळे पुसत. पोरांना कळलं की आता रडायचं कारण नाही.

मग काय विचारता! फुटबॉलचे मोजे दर आठवड्याला यायचे, म्हणजे मैदानावरचं गवत इथे असलंच पाहिजे. दोघं धावत फुटबॉलच्या मैदानावर जाऊन गवताचा तुरा घेऊन आली. तुऱ्याशी तुरा लावला, भिंगाखाली धरला. तेच गवत! ज्या पोराने ते ओळखलं, तो असा नाचला की त्याचा बूट नालीत पडला. पिवळं फूल मात्र आसपास कुठेच सापडेना. "हे आपल्या त्या ट्रकवाल्या गिऱ्हाइकाच्या जाकिटातलं," फेसआजी म्हणाली. "तो कुठून कुठून फिरतो." मी म्हटलं, हा नुसता अंदाज झाला, पुरावा नाही. ती म्हणाली, "मग तो आला की त्याला विचारू. तुम्ही लगेच कोर्ट काय भरवता!"

पण बी पाइपापासून वळणापर्यंत खरंच वाहत जाते का, आणि तिथेच का थांबते, हे दाखवायला हवं होतं. इथे तिचं डोकं चाललं, मान्य करते. कपड्यांवर खूण करायची एक शाई लाँड्रीत असते, कितीही धुतली तरी न जाणारी. ती तिने काढली. पोरांनी हलक्या, पंखवाल्या बियांवर त्या शाईने आपापली खूण केली. ठिपका, रेघ, चांदणी. दिरांनी मशीनचं पाणी सोडलं. बिया पाइपाच्या तोंडाशी टाकल्या आणि सुरू झाली शर्यत.

मी आयुष्यात घोड्यांची शर्यत बघितली नाही, पण त्या नालीची बघितली. "चल, चल, चांदणी, चल!" "ए, फुंकू नकोस, फाऊल आहे!" "माझी अडकली, माझी अडकली, सुटली!" फेस, बिया आणि कडेने गुडघ्यावर रांगणारी पोरं. वळणावर पाणी मंदावायचं, गोल फिरायचं आणि बिया गाळाला लागायच्या, नेमक्या त्या हिरव्या पट्ट्यात. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. फेसआजी चिखलात बसून ओरडत होती, "बघितलंत? पाणी दमतं तिथे बी उतरते!" हे वाक्य तिचं, माझं नाही. मी नंतर पुस्तकात शोधलं, तिथे हेच अर्ध्या पानात सांगितलं होतं.

पुढे रोज शाळा सुटली की पोरं ट्रे बघायला लाँड्रीत. पहिले काही दिवस नुसती माती आणि ओली लोकर. फेसआजी गिऱ्हाइकाला कोट देता देता मान वळवून ट्रे बघायची. एकदा तिने एका वकिलाला भलत्याचाच सदरा दिला. प्रदर्शन जवळ आलं आणि बहुतेक ट्रे बोडकेच राहिले. मी म्हटलं होतंच. पण प्रश्नपत्रिकेच्या ट्रेत, आणि त्या चारी पायांवर चालणाऱ्या पोराच्या ट्रेत, लोकरीतून हिरवी टोकं वर आली. सुईइतकी. ती बातमी सांगायला फेसआजी इस्त्री चालू ठेवून माझ्या घरापर्यंत धावत आली. मागून दीर ओरडत, "अगं, सदरा जळला!"

प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्ष आले. उंच, सुटातले, पँटच्या पायांना जुन्या पद्धतीची बाहेरून दुमड. मुलांच्या खोलीत ट्रे मांडले होते. त्यांनी बोडके ट्रे बघितले, हिरवे बघितले, आणि म्हणाले, "हं." बुद्धिबळवाले मागे उभे, त्यांच्या चेहऱ्यावर खोली मिळाल्याचा आनंद दिसत होता. फेसआजीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिने ठेवणीतली साडी नेसली होती आणि तिच्या पदराला चिमटा तसाच लागलेला होता. मी तो काढून घेतला.

"हे अर्धंच आहे," ती म्हणाली. "बाकीचं इथे आणता येत नाही. चला."

"कुठे?"

"माझ्या नालीवर."

अध्यक्ष नालीवर आले. मागे पालक, ग्रंथपाल, बुद्धिबळ मंडळ. पोरांनी अध्यक्षांच्या हातात एक बी आणि शाईची काडी दिली. त्यांनी बीवर बारीकसा मुकुट काढला. मग पाइपाशी उभे राहून विचार करायला लागले, डावीकडून टाकू का उजवीकडून.

"अध्यक्षसाहेब," फेसआजी ओरडली, पाणी सुटलं होतं ना, "घोडा नाही तो! बी आहे! टाका!"

त्यांनी टाकली. मुकुट आधी मागे पडला, मग फेसाच्या पुंजक्यावर बसून सगळ्यांच्या पुढे. हा गंभीर गृहस्थ नालीच्या कडेने वाकून पळायला लागला. "जा, जा! अरे, सरळ जा! वळ आता!" मुकुट वळणावर दोन गिरक्या घेऊन सगळ्यांत आधी गाळात टेकला आणि अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. त्यांच्या मंडळातल्या कोणी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

दम घेत ते म्हणाले, "पण हे प्राण्यांचं, कपड्यांचं... माणूस खरंच बिया पसरवतो? मी तर डांबरी रस्त्यानेच चालतो."

फेसआजी खाली बसली. "उजवा पाय पुढे करा."

"अहो, काय करताय?"

"पाय!"

तिने त्यांच्या पँटची दुमड उलटली आणि तळहात खाली धरला. धूळ, एक दोरा, आणि त्यात बिया. दोन-तीन कुसळं, एक चपटी तपकिरी. "ही घ्या तुमची डांबरी सडक!" पोरांनी असा गलका केला की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

अध्यक्षांनी वाकून दुमड पुन्हा सरळ केली. मग ग्रंथपालाकडे वळून म्हणाले, "शनिवारचा तास ह्यांचा." आणि हिच्याकडे बघून, जरा ओशाळून, "पण खोलीत तुम्ही करणार काय? खरा वर्ग तर इथे आहे. खोली आम्हाला राहू दे का?"

मी भांडायच्या तयारीत होते. पण ती माझ्या आधी बोलली. "खोली ठेवा तुम्ही. मुलं माझी."

तसंच झालं. पुढे जोवर तिचे गुडघे चालले, तोवर शनिवारी दुपारी लाँड्रीचं पुढचं दार बंद आणि मागचं उघडं. कपडे तुंबले, गिऱ्हाइकं कुरकुरली, ती बधली नाही. ओळीत उभं राहायला मुलांना तिने कधी शिकवलं नाही. विचारायला शिकवलं.

झालं. आता पुन्हा तुझ्याकडे वळते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर तू अध्यक्षांच्या दुमडीतलं ते सगळं एका पाकिटात भरलंस आणि वर नाव घातलंस. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालीस, "लाँड्रीत सापडलेलं लाँड्रीचं नसतं. परत द्यायला नको?" आणि मग डोळे बारीक करून, "त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली नेऊन पेरू. डाव चालू असताना. एकीने पाळत ठेवायची, एकीने पेरायचं." मी म्हटलं, एकटी जा. म्हणालीस, नाही, दोघी जाऊ, एकटीला मजा नाही. मग कधी पोरांची शर्यत लांबली, कधी माझी डोळ्यांची तपासणी आली, कधी तुझ्या गुडघ्याने दगा दिला. दर शनिवारी तू खिळ्यावरचं पाकीट बघून म्हणायचीस, "पुढच्या वेळी नक्की हं, जाऊबाई."

लाँड्री आवरली तेव्हा फळीवरची सगळी पाकिटं तू घरोघर पोचवलीस. हे एक माझ्या हातात दिलंस.

ते माझ्या कपाटात, भिंगाशेजारी आहे. तुझ्या अक्षरात वर लिहिलंय, "अध्यक्ष, उजवा पाय."